तिसऱ्या पायरीवरची मथी

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मी अजूनही 'शाळेतल्या बाई' आहे. वर्गातला खडू खाली ठेवून मी शाळा तपासणाऱ्यांत जाऊन बसले त्याला जमाना झाला, पण ते पद काय होतं हे कुणाला सांगता येत नाही. 'बीट ऑफिसर' म्हटलं की लोकांना वाटतं मी पोलिसात होते. तळमजल्यावरच्या काकांनी एकदा चोरीला गेलेल्या सायकलची तक्रार माझ्याकडे आणली होती. म्हणून आधीच सांगून टाकते. म्युनिसिपल शाळांचे गट पाडलेले असत, त्या गटाला बीट म्हणत आणि त्यातल्या शाळा तपासत हिंडणारी बाई म्हणजे बीट ऑफिसर. ती येणार असं कळलं की भिंतीवर तक्ते चढत, फळा ओल्या फडक्याने पुसला जाई आणि शहाणी मुलं पुढच्या बाकावर येत. बाईंना हे सगळं कळत असे, कारण कधीकाळी त्यांनीही तेच केलेलं असे.

ऐंशीच्या दशकात आमच्या साहेबांनी कुठल्याशा शिबिरातून एक नवी योजना आणली. एरवी साहेब शिबिरातून फाईल आणि सर्दी आणत, त्यामुळे आम्ही जरा घाबरूनच होतो. पण कल्पना चांगली होती. दवाखान्याचं उदाहरण घ्या. पिण्याचं पाणी स्वच्छ असावं ते सगळ्यांसाठी. ताप आला त्याला औषध. औषधानेही उतरला नाही त्याला खाट, आणि डॉक्टर स्वतः उशाशी. शाळेतही तसंच करायचं. पहिली पायरी म्हणजे वर्गात सगळ्यांना नीट शिकवणं. त्यातून जी पाच-सहा मुलं मागे राहतील त्यांना रोज थोडा वेळ वेगळं घेऊन बसायचं, ही दुसरी. आणि तरीही ज्याचं गाडं अडलंय त्या एखाद-दुसऱ्या मुलाला एकट्याला घेऊन बसायचं, त्याच्या घरी जायचं, का अडलंय ते शोधायचं, ही तिसरी. कुणी कुठल्या पायरीवर कायमचं राहायचं नाही. ताप उतरला की घरी.

उपनगरातल्या काही शाळांत ही योजना चालवून दाखवायची होती आणि साहेबांनी ती माझ्या गळ्यात घातली. "बाई, तुम्हाला लोकांशी बोलता येतं," म्हणाले. खरं कारण असं की त्या दिवशी मीटिंगला बाकीचे उशिरा आले.

महिनाभरात योजनेची वाट लागली. आपल्या लोकांना तीन गट म्हटले की हुशार, मध्यम आणि ढ एवढंच सुचतं. गुरुजींनी वर्गात बाकांच्या तीन रांगा केल्या आणि तिसरी रांग दाराशी, म्हणजे जिथून हाकलायला सोपं. एका शाळेत जागाच नव्हती, तर तिसऱ्या पायरीची मुलं खरोखरच जिन्यात बसवलेली. जाणारा-येणारा शिपाईही त्यांना टपली मारून जायचा. ज्यांना सर्वात जास्त द्यायचं त्यांनाच सर्वात खाली बसवलं होतं, आणि यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नव्हतं. मी चिडत असे, पण चिडून गुरुजी सुधारत नाहीत. मग मी एक नियम केला. तिसऱ्या पायरीच्या मुलाशेजारी शाळेतला सर्वात अनुभवी शिक्षक बसेल, आणि तोही जमिनीवर, सतरंजीवर. बऱ्याच ज्येष्ठ शिक्षकांना तेव्हा एकाएकी गुडघेदुखी जडली.

मुलुंडला एक खाजगी शाळाही आमच्यात सामील झाली होती. तिथल्या एका मुलाचे वडील, कुठल्याशा ऑफिसात हेडक्लार्क, रविवारी सकाळी माझ्या घरी आले. मुलगा तिसऱ्या पायरीवर होता. चहा घेतला, हवापाण्याचं झालं, मग म्हणाले की आमच्या घराण्यात तिसरं काही चालत नाही. मी समजावलं की यात कमीपणा नाही, उलट जास्तीचं मिळतंय. त्यांना ते पटलं असं तोंडावरून दिसलं. उठताना दारात थांबून म्हणाले, "ते सगळं ठीक आहे बाई, पण दुसरी करा. हवं तर दुसऱ्यातला शेवटचा ठेवा."

देवनारला नेमकं उलटं होतं. तिथली अर्धी मुलं पहाटे कचऱ्याच्या ढिगावर वेचायला जाऊन मग शाळेत यायची. वर्गशिक्षिका अगदी तरुण होती आणि फटकळ. मी पायऱ्या समजावून सांगितल्या, तिने शांतपणे ऐकल्या आणि मला म्हणाली की बाई, पायऱ्या आणू कुठून, इथे सगळा तळमजलाच आहे. मग तिने आणि मी मिळून ठरवलं की पहिला तास कुणाला झोप आली तर झोपू द्यायचं आणि दुसऱ्या तासापासून सगळ्या वर्गालाच दुसरी पायरी. साहेबांना मी यातला झोपेचा भाग कळवला नाही.

पण मला सांगायचंय ते वर्सोव्याचं.

वर्सोव्याच्या कोळीवाड्याशेजारी आमची एक शाळा होती. चौथीच्या वर्गाला सावंत गुरुजी होते, मालवणकडचे, आणि त्या शाळेत त्यांचा सगळा जन्म गेला होता. उंच, किडकिडीत, सदऱ्याच्या बाहीला कायम खडूची पांढरी कड. पोटातल्या गोष्टी सांगताना मालवणीत घसरायचे. सतरंजीवर बसण्याच्या माझ्या नियमाला कुरकुर न करणारे बहुधा ते एकटेच. "आमका सवय आसा, जेवताना खालीच बसतंव," म्हणाले.

त्यांच्याकडे तिसऱ्या पायरीवर मथुरा नावाची मुलगी होती. सगळे तिला मथी म्हणत. चौथीत हे तिचं दुसरं वर्ष होतं. अंगाने भरलेली, तेल लावून घट्ट वेणी, डोळे मोठे आणि कायम आपल्यावर रोखलेले. वाचायला सांगितलं की पहिल्या अक्षरावर अडकायची, गणित घातलं की उत्तर चुकायचं. गुरुजींनी तिच्यासाठी शिंपले आणले, चिंचोके आणले, अक्षरांची कार्डं केली. काही उपयोग नाही. "बाईनु, ह्या चेडवाच्या डोक्यात कायएक शिरणा नाय," ते मला म्हणाले. रागाने नव्हे. एवढं करून आपलं शिकवणं वाया जातंय याचं त्यांना दुःख होत होतं. मंदबुद्धी मुलांच्या शाळेत पाठवण्याची शिफारस करावी का, असं त्यांनी मला विचारलं. असा शेरा एकदा मारला की तो पुसला जात नाही, म्हणून मी म्हटलं, आधी मला दोन-चार दिवस तिच्याजवळ बसू द्या.

मी बसले. पहिले काही दिवस मलाही तेच दिसलं. मग एका दुपारी मी कंटाळून शिकवणं सोडून दिलं आणि तिला नुसती गोष्ट वाचून दाखवायला घेतली. एक आजोबा बकरी विकत घेतात, ती बकरी घरातलं एकेक खात सुटते, आणि पानाच्या शेवटी ती आजोबांचं वाळत घातलेलं धोतर खाते, अशी काहीतरी. पुस्तक माझ्या मांडीवर उघडं, मथी शेजारी टेकून बसलेली. त्या पानावर चित्र नव्हतं. मी अर्ध्या पानावर होते, बकरीने अजून पोळ्याच खाल्ल्या होत्या, आणि मथी फिस्सकन हसली.

मी वाचायची थांबले. तिनेही हसू गिळलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. धोतरापर्यंत ती माझ्याआधी पोचली होती, म्हणजे माझ्यापेक्षा भरभर वाचत होती. अख्ख्या नोकरीत मला असं गार करणारं मूल दुसरं भेटलं नाही. वाचता येत नसून येतं असं दाखवणारी मुलं मी शेकड्याने बघितली होती. हा प्रकार नवीनच होता. मी पुढे वाचत राहिले आणि धोतर आलं तेव्हा दोघी मिळून हसलो.

गुरुजींना सांगितलं तेव्हा ते आधी मानेनात. मग त्यांचा चेहरा पडला. दोन वर्षं एका पोरीने आपल्याला बनवलं हे पचवायला त्यांना थोडा वेळ लागला. आणि मग, मला अजून आठवतं, ते हळूहळू हसायला लागले. म्हणाले की उत्तर दर वेळी चुकवायचं म्हणजे आधी बरोबर उत्तर काढावं लागतं, चेडू हुशार आहे.

पण का, हे कळत नव्हतं. मथीला मी दटावलं नाही, विचारलंही नाही. रोज तिच्याजवळ बसून गोष्टी वाचायचं चालू ठेवलं. ती आता लपवत नव्हती, एक परिच्छेद मी, एक ती. आठवड्याने तिने स्वतःच सांगितलं, पुस्तकातून मान वर न करता.

"पास झाली का काढतील. गोमीला काढली."

गोमी, म्हणजे गोमती, तिची मोठी बहीण. चार वर्षांपूर्वी ती चौथी पास झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या डोक्यावर टोपली आली. आता ती अंधेरीच्या बाजारात आईच्या जागेवर बसते. कोळणींच्या बाजारातल्या जागा आईकडून मुलीकडे जातात, तिथे कुणी बसलं नाही तर दुसरी कुणी बसते, म्हणून घरातली एक मुलगी लागतेच. मथीने ते बघितलं होतं आणि आपल्यापुरता हिशोब मांडला होता. चौथी पास म्हणजे शाळा संपली. नापास म्हणजे अजून एक वर्ष. तिला शाळा हवी होती, एवढंच.

आता आमची पंचाईत झाली. मथी वाचते हे उघड केलं तर ती एप्रिलात पास होणार आणि तिच्या समजुतीप्रमाणे मे महिन्यात बाजारात बसणार. योजनेला यश, मुलगी शाळेबाहेर. साहेबांना तर तिसऱ्या पायरीवरून वर चढलेली मुलं हवीच होती, ते खूश होणार. आणि लपवून ठेवलं तर ती चौथीतच कुजणार. सावंत गुरुजी दोन दिवस विचार करून आले आणि इकडेतिकडे बघत मला म्हणाले, "चौथीतच रवांदे तिका. निदान शाळेत तरी रवात." बीट ऑफिसरसमोर असं बोलायला धाडस लागतं. पण मला ते मान्य करता येईना. किती वर्षं नापास करणार होतो आम्ही तिला?

मी म्हटलं, आईला जाऊन भेटू. तिसऱ्या पायरीवर घरी जायचंच असतं, आणि आम्ही ते एव्हाना करायला हवं होतं. गुरुजी आधी दोनदा गेले होते, पण आई दोन्ही वेळा बंदरावर मासळी घ्यायला गेलेली होती. मथीला मी विचारलं, सांगू का आईला. तिने बराच वेळ नखं खाल्ली. मग म्हणाली, सांगा, पण मी तिथे असेन.

शिमगा जवळ आला होता. कोळीवाड्यात होळीच्या तयारीची गडबड होती आणि वाळूवर बोंबील वाळत घातले होते. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात आणि दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून दोरीवर टाकतात, धुतलेले कपडे टाकावेत तसे. मथीची आई पारूबाय तेच करत होती. रुंद बांध्याची, कपाळावर मोठं कुंकू, हात इतके भरभर चालत होते की बघत राहावं. तिच्या पलीकडे चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी तसेच बोंबील अडकवत होती. ती गोमती. तिने गुरुजींना बघून पदर सारखा केला आणि पुन्हा कामाला लागली. मथी एका पालथ्या होडीला टेकून उभी राहिली.

"बसा गो बाय," पारूबाय म्हणाली. "हात रिकामा नाय माजा. तुमी बोला."

मी होडीच्या सावलीत बसले आणि बोलले. वळणं घेतली नाहीत. तुमच्या मुलीला वाचता येतं, गणित येतं, ती मुद्दाम नापास होते आहे, कारण पास झाली की तुम्ही तिला शाळेतून काढाल अशी तिला भीती आहे. बोलताना मी मनात उत्तराची तयारी करत होते. ती म्हणेल पोरींना शिकवून काय, मग मी काय म्हणायचं. ती म्हणेल बाजारातली जागा कोण सांभाळणार, मग मी काय म्हणायचं. अशी उत्तरं द्यायची मला नोकरीने सवय लावली होती.

पारूबायचे हात थांबले. दोन बोंबील तसेच हातात राहिले.

"मना वाटला, पोरीला डोकाच नाय," ती म्हणाली. "गेल्या साली नापास. अवंदा पण गुरुजी सांगतात, काय येत नाय. मंग ठेवून काय करू? शिमगा झाला का टोपली देनार होते तिला."

मला समजायला क्षणभर लागलं. पोरगी शाळेत राहण्यासाठी नापास होत होती आणि आई ती नापास होते म्हणून तिला शाळेतून काढणार होती. अजून एखादा महिना गेला असता तर दोघींचंही खरं झालं असतं.

"पन गोमीला काढलीस ना," मथी मागून म्हणाली.

पारूबाय वळली. आता ओरडणार असं मला वाटलं, पण तिचा आवाज उलट खाली आला. "गोमीच्या टायमाला तुजा बाप मेला," ती म्हणाली. "होडी इकली. घरान कोन होता कमवाला? ती पास झाली म्हनून नाय बसवली गो. आता गोमी हाय बाजारान. तुला कशाला काडू?"

मथीचा चेहरा रडण्याच्या बेतात होता, पण ती रडली नाही. माझेच डोळे भरले, आणि मी ते लपवलेही नाहीत. एवढ्या मोठ्या गोष्टीबद्दल त्या घरात कधी कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. तसं कुठल्या घरात विचारतात म्हणा.

पारूबाय पक्की धंदेवाली. नुसत्या शब्दावर माल घेणारी नव्हे. तिने हात पदराला पुसले आणि म्हणाली, वाचून दाखव. गुरुजींनी पिशवीतून चौथीचं पुस्तक काढलं. पारूबायला स्वतःला अक्षर येत नव्हतं, तेव्हा तिने मोठीला हाक मारली. "गोमे, तू चौथी शिकलीस. हिकडं ये. बघ, बरोबर वाचते का."

गोमती आली. हात धुऊन आली, चांगले चोळून, आणि माझ्या शेजारी वाळूत बसली. मथीने पुस्तक दोघींच्या मध्ये धरलं आणि वाचायला लागली. काय वाचलं त्या पोरीने. दोन वर्षं दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. स्वल्पविरामाला थांबत होती, प्रश्नाला आवाज चढवत होती. शेजारच्या दोऱ्यांवर काम करणाऱ्या बायका हात थांबवून ऐकू लागल्या. गुरुजींनी तोंड समुद्राकडे केलं होतं.

गोमतीने ओळीवर बोट ठेवलं होतं, शाळेत शिकवतात तसं. मथीबरोबर तिचं बोट सरकत होतं. पहिली ओळ, दुसरी ओळ. मग एका जोडाक्षराशी ते अडलं. ती ओठ हलवत राहिली, ते अक्षर जुळवत राहिली. मथी तोवर पानाच्या खाली पोचली होती. गोमतीचं बोट तिसऱ्या ओळीवरच होतं. मी अगदी शेजारी बसले होते, म्हणून मला दिसलं.

मथीचं वाचून झालं. पारूबायने मोठ्या मुलीकडे पाहिलं.

गोमतीने बोट उचललं. "बरोबर वाचली," ती म्हणाली.

पारूबाय हसली, मथीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, मंग जा पाचवीला. एवढ्यात सगळं ठरलं. आम्हाला तिने ताजे बोंबील बांधून दिले, नको म्हटलं तरी. गोमती तोपर्यंत आपल्या दोरीशी परत गेली होती आणि तिचे हात पुन्हा भरभर चालत होते.

कोळीवाड्यातून बाहेर पडून आम्ही बस स्टॉपवर येऊन उभे राहिलो. मला वाटलं होतं गुरुजी खुशीत असतील. योजना सुरू झाल्यापासून एवढं चोख काम कुठल्याच शाळेत झालं नव्हतं, आणि ते त्यांचं होतं. मी तसं म्हटलंही. ते रस्त्याकडे बघत होते.

"चौथीत पयलो नंबर होतो तिचो, बाई," ते म्हणाले. "गोमती. माज्याच वर्गात."